मेथी-शेपू आणि पेशींचं वय

आमच्या संत तुकाराम नगरातल्या घरी आईने दूध-दही बंद केलंय. म्हणे, नुसत्या भाज्यांनी म्हातारपण लांबतं. बघूया इतिहास.

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाची टोपी. पेशी विभागताना ती झिजते. यावरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. २०१३ मध्ये डीन ऑर्निश यांच्या गटाने पाच वर्षांचा निकाल मांडला: वनस्पतिजन्य आहार, व्यायाम, ध्यान आणि टेलोमिअर सुमारे १० टक्के लांब. पण माणसं फक्त दहा, आणि श्रेय एकट्या भाजीचं नाही.

इकडे २००६ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी सापडलं; शाकाहाऱ्यांत धोका जास्त. डीएनए बनवायला हेच लागतं, भाजीत ते नसतं.

तेव्हा आई, मेथी-शेपू जरूर कर, पण दह्याची वाटी सोडू नकोस. आणि एकदा बी-१२ तपासून घे.