आर्ची स्टार्क व त्याचे सदुसष्ट गोल

अमेरिकेंतील फुटबॉलचा आरंभींचा इतिहास हा बव्हंशीं परदेशांतून आलेल्या कामकऱ्यांच्या वसाहतींचा इतिहास होय. न्यू जर्सी राज्यांतील कर्नी गांवीं स्कॉटलंडांतील पेस्लीच्या क्लार्क घराण्यानें सुताच्या गिरण्या काढल्या. गिरण्यांबरोबर स्कॉच कामकरी आले व कामकऱ्यांबरोबर हा खेळ आला. या गिरणीच्या संघानें १८८५ पासून लागोपाठ तीन वर्षें अमेरिकन चषक जिंकला.

अशा गांवीं आर्ची स्टार्क वाढला. त्याचा जन्म ग्लासगो येथें १८९७ सालीं झाला व किशोरवयांत तो कर्नीस आला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याबरोबर तो फ्रान्समध्यें गेला होता. १९२१ सालीं अमेरिकन सॉकर लीग निघाली, तेव्हां तो न्यूयॉर्कच्या संघांत होता. १९२४ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्याच्या संघांत गेला. त्याच वर्षींच्या, म्हणजे १९२४-२५ च्या हंगामांत, त्यानें लीगमध्यें ६७ गोल केले.

प्रतिपक्ष दुबळा म्हणून हा आकडा फुगला, असा आक्षेप येणें साहजिक आहे. परंतु त्या हंगामांत १२ संघ असून प्रत्येकास ४४ सामने होते, आणि इतके गोल होऊनहि बेथलेहेम दुसराच आला. पहिला मान फॉल रिव्हरला मिळाला. प्रतिपक्ष अगदींच दुबळा असता तर असें झालें नसतें.

याहून महत्त्वाचा मुद्दा कालाचा आहे. जुन्या ऑफसाइड नियमाप्रमाणें, चेंडू पुढें दिला जातांना आक्रमक खेळाडू व गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. १९२५ च्या जूनमध्यें ही संख्या दोनवर आली व सर्वत्र गोल वाढले. इंग्लंडांतील डिक्सी डीनचे ६० गोल १९२७-२८ चे, म्हणजे नियम सैल झाल्यानंतरचे, स्टार्कचे त्यापूर्वींचे. डीननें ते ३९ सामन्यांत केले हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. सारांश, दोन्ही आकडे एका मापानें मोजतां येत नाहींत.

८ नोव्हेंबर १९२५ रोजीं ब्रुकलिन येथें अमेरिकेनें कॅनडाचा ६-१ असा पराभव केला. त्यांत स्टार्कचे गोल कांहीं याद्यांत चार, तर कांहींत पांच आढळतात. शतकभरापूर्वींच्या छापील वृत्तांतांतहि असा पाठभेद शिरतो, हें जुनीं कागदपत्रें हाताळणारांस नवल वाटण्याजोगें नाहीं.

१९२६ सालीं बेथलेहेमनें राष्ट्रीय चषक जिंकला. पण १९२८ सालीं लीग व राष्ट्रीय महासंघ यांत कलह माजला, पाठोपाठ १९२९ ची मंदी आली, आणि १९३० सालीं कारखान्यानें संघ मोडला. ज्या आश्रयावर हा खेळ उभा होता तो सुटतांच थोड्याच वर्षांत लीगहि लयास गेली. १९३० सालीं उरुग्वे येथें भरलेल्या पहिल्या विश्वचषकास स्टार्क गेला नाहीं. १९५० सालीं राष्ट्रीय सॉकर गौरवमंडळांत त्याचा समावेश झाला. १९८५ सालीं कर्नी येथेंच तो वारला.

लीग बुडाल्यामुळें तिच्यांतील पराक्रमहि पोकळ होता, असा निर्णय देणें न्याय्य नव्हे. कोणत्याहि लेखाप्रमाणें या आकड्याचीहि मिति प्रथम पाहावी. ती पाहिल्यास स्टार्कची योग्यता वाढते, कमी होत नाहीं.