कर्ता कोण?

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर उभे राहिले म्हणजे तापीच्या पात्रात दगडाचा एक हत्ती दिसतो. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी 1610 साली सुरतेहून आग्र्याकडे जाताना या गावी आला होता, त्यानेही हा हत्ती पाहिला. खरा समजून एक जिवंत हत्ती त्याच्यावर चालून गेला आणि आपले सुळे मोडून बसला, अशी कथाही त्याने नोंदवून ठेवली आहे. कथेचे काय घ्यावयाचे ते आपण घ्यावे. मला मात्र त्या घाटावर आठवण होते ती गावापासून थोड्या अंतरावरील कुंडी भंडाऱ्याची. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने आणि शंभरावर उभ्या कुंड्यांच्या मालिकेने शहरात आणण्याची ही योजना 1615 च्या सुमारास सिद्ध झाली. अब्दुर्रहीम खानखाना तेव्हा येथे कारभार पाहत होता, आणि योजना आखणारा इराणी तज्ज्ञ तबकुतुल अर्ज या नावाने ओळखला जातो. चारशे वर्षे लोटली, तरी गावातला साधा माणूसदेखील हे नाव सांगतो.

चांगले बांधले, तर बांधणाऱ्याचे नाव राहते. परंतु जे बांधकाम पडले, ज्याने माणसे आणि पैसा दोन्ही बुडविले, ते कोणी बांधले, हे सांगणारा सहसा भेटत नाही. व्याकरण शिकविण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे ही गोष्ट मला प्रयोगाच्या भाषेत दिसते. यशाचे वाक्य कर्तरी असते. अपयशाचे वाक्य मात्र असे होते : ‘पाणी साठविण्याचे ठरले’, ‘भिंत खचली’, ‘खर्च वाढला’. कर्ता वाक्यातून हलकेच निघून गेलेला असतो.

याच बुऱ्हाणपुरावरून मुंबईची आगगाडी जबलपूरकडे जाते. तो लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिनशुला कंपनीने बांधला. या कंपनीच्या कामांपैकी सर्वांत मोठ्या दिमाखाचे काम म्हणजे खंडाळ्याचा भोर घाट. घाट 1863 साली खुला झाला आणि अवघ्या चार वर्षांनी, 1867 च्या जुलैत, तेथील ‘मऊ की मल्ली’ नावाचा कमानींचा पूल कोसळला. आता दोषी कोण म्हणावे? कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले 1862 सालीच वारला होता. घाटाचा पहिला कंत्राटदार फाविएल मजुरांच्या दंग्यानंतर 1859 साली काम सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी काही आठवड्यांत मरण पावला आणि पुढचे काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, धैर्याने तडीस नेले. पूल पडला तेव्हा विचारावयास जावे, तर कोणी कबरीत आणि कोणी विलायतेत!

पैशाचे मात्र कोडे नव्हते. सरकारने कंपनीला तिच्या भांडवलावर शेकडा 5 व्याजाची हमी दिलेली होती. पूल टिको वा पडो, लंडनच्या भागीदाराचे व्याज चुकत नव्हते, आणि तूट येथल्या खजिन्यातून भरली जात होती. हिंदुस्थानचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी 1872 साली पार्लमेंटच्या समितीपुढे हे स्पष्टपणे सांगितले. व्याज बिनघोर मिळत असल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला काय की विटाचुन्यात घातला काय, भांडवलवाल्याला सारखेच, अशा आशयाची त्यांची साक्ष आहे. ज्याने चूक करावी त्याला तोशीस नाही, आणि ज्या शेतकऱ्याने सारा भरावा त्याने तो पूल कधी पाहिलेलाही नाही, असा तो व्यवहार होता.

परकीय राज्यात असे चालावयाचेच, असे कोणी म्हणेल. म्हणून स्वराज्यातील गोष्ट सांगतो.

पुण्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधण्यास 1957 साली सुरुवात झाली. काम 1962 साली पुरे व्हावयाचे होते. परंतु 1961 च्या पावसाळ्यातच त्यात पाणी साठवावे असे ठरले. पाहा, पुन्हा ‘ठरले’! धरणाच्या भरावाखालून पाणी सोडण्याची एक नळी काढलेली होती. देशात तेव्हा पोलादाची टंचाई होती, म्हणून या नळीसाठी लोखंडी सळ्यांचे काँक्रीट न वापरता साधे काँक्रीटचे ठोकळे वापरले गेले. नळीच्या दारांचे कामही अपुरे होते. पाऊस जोराचा झाला आणि पाणी अपेक्षेपेक्षा फार लवकर चढले. अर्धवट दारांतून धो धो वाहणाऱ्या पाण्याने नळीला हादरे बसले, तिची वरची बाजू निखळली, आणि वरचा भराव तिच्यात खचू लागला. धरणाचा माथा खाली आला. 11 जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी मुसळधार पावसात मातीची पोती रचून तो माथा उंच ठेवण्याचा प्रयत्न केला. त्या जवानांविषयी बोलताना आजही आवाज जड होतो. 12 जुलै 1961 रोजी सकाळी पानशेत फुटले. त्याचा लोंढा खालच्या खडकवासल्यावर आदळला. हे दगडी धरण 1879 सालापासून पुण्याची तहान भागवीत होते. दुपारी तेही फुटले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कन जिमखाना, सारे पाण्याखाली गेले. हजारो घरे पडली. मृतांचा आकडा तर आजतागायत वादाचा विषय आहे.

एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पोलाद नव्हते हा गुन्हा नव्हे. काम अपुरे होते हाही गुन्हा नव्हे, कारण त्याला अजून एक वर्ष अवकाश होता. अपुऱ्या कामामागे पाणी उभे करावयाचे, हा जो निर्णय झाला, त्यात सारे आले. अभियंते वरिष्ठांकडे बोट दाखवितील, वरिष्ठ शेतीला पाणी लवकर मिळावे या लोकांच्या मागणीकडे, आणि लोक पुन्हा सरकारकडे. एक वर्तुळ पुरे होते, परंतु त्यात मध्यबिंदू सापडत नाही.

चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती बावडेकर यांची नेमणूक झाली. चौकशी पुरी होण्यापूर्वीच त्यांचे दुर्दैवी निधन झाले, आणि ते काम पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले. धरण कसे फुटले याचा शोध त्यामुळे लागला. लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि पानशेत पुन्हा बांधले गेले. परंतु ज्यांचे बिऱ्हाड वाहून गेले, त्यांना ते कोणामुळे गेले हे एका माणसाच्या नावाने कधी सांगता आले नाही. ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशी आयुष्याची वाटणी करणारी वृद्ध माणसे पुण्यात अनेकांनी पाहिली असतील. त्यांच्या बोलण्यात कर्ता पानशेत हाच असतो. पानशेत आले, पानशेतने नेले.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियातील सेंट फ्रान्सिस धरण 12 मार्च 1928 च्या रात्री फुटले आणि चारशेंवर माणसे दगावली. त्याच दिवशी सकाळी मुख्य अभियंता विल्यम मल्होलंड यांनी ते पाहून निर्धोक असल्याचे सांगितले होते. चौकशीत त्यांनी दुसऱ्या कोणावर दोष न ढकलता तो आपल्यावर घेतला. वयाची सत्तरी उलटलेला, लॉस एंजेलिसला पाणी आणणारा, लोकप्रिय असा हा माणूस होता. मेलेली माणसे त्याने परत आणली नाहीत, हे खरेच. परंतु ज्यांचे आप्त गेले होते, त्यांच्या वाक्याला निदान एक कर्ता मिळाला.

आमच्याकडे अशी प्रथा पडली नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. खालच्या वाडीतली घरे वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. धरणाला गळती आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. दोनच दिवसांनी राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले की, भिंत खेकड्यांनी पोखरली होती.

यावेळी कर्ता मिळाला. काही दिवसांतच ठाण्यात विरोधी पक्षाची मंडळी खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेली आणि आरोपींना अटक करा म्हणून अडून बसली.