मटण, बटाटे, कांदे आणि पाणी

डब्लिनमधल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला आयरिश स्ट्यूची कृती सांगितली. मटण, बटाटे, कांदे, पाणी. वर मीठ-मिरपूड. पुढचं लिहून घ्यायला मी पेन उचलून बसलो, तर कृती संपली होती! पण आपण पडलो मराठी माणसं. पातेल्याला वाफ आली की हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे जातो. मी आलं-लसूण लावलं, शेवटी आईने पाठवलेला काळा मसाला घातला आणि शेजारच्या आजींना वाटीभर नेऊन दिलं. आजी मूळच्या मेयो परगण्यातल्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी सगळं संपवलं आणि म्हणाल्या, "छान आहे, पण हा स्ट्यू नाही."

स्ट्यूत गाजर घालावं की नाही यावर इथे घराघरांत वाद असतो, हे मला नंतर कळलं. मसाल्यावर वाद नाही, कारण तो प्रश्नच कोणाला पडत नाही.

चारच जिन्नस का, हे शोधायला गेलो आणि इतिहासात अडकलो. जुन्या आयरिश झोपडीत ओव्हन नसायचा. टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, हे जळण आणि त्यावर टांगलेलं बिडाचं भांडं. मेंढ्या लोकरीसाठी आणि दुधासाठी पाळायच्या. कापायची वेळ यायची ती म्हातारी झाल्यावर, आणि असलं चिवट मटण मंद आचेवर बराच वेळ शिजवल्याशिवाय दाताखाली जात नाही. बटाटा मात्र पाहुणा. तो दक्षिण अमेरिकेतून युरोपात आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये आला. गंमत म्हणजे आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला आणि आयरिश भाषेतला 'प्राता' त्याचाच चुलतभाऊ. दोघांचं मूळ कॅरिबियन बेटांवरच्या एका शब्दात आहे, जो खरा रताळ्याचा!

'आयरिश स्ट्यू' हे नाव इंग्रजी लिखाणात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतं. हे तिथल्या गरीब शेतकऱ्याचं रोजचं जेवण असणार, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची वस्ती सुमारे ८२ लाख होती. त्यातले ३० लाखांच्या आसपास लोक जवळजवळ निव्वळ बटाट्यावर जगत. धडधाकट मजूर दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत ताक. डुक्कर पाळलं तरी ते विकून जमीनदाराचा खंड भरायचा. मटण ज्याला परवडे, त्याचाच स्ट्यू.

सप्टेंबर १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. गरिबांच्या शेतात बहुतेक ठिकाणी 'लंपर' नावाची एकच जात लावलेली, त्यामुळे रोगाला आडकाठीच नव्हती. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि असं डिझाइन कोणी मांडलं तर रिव्ह्यूमध्ये त्याची धुलाई होते. पण हे डिझाइन कोणी हौसेने मांडलं नव्हतं. तुकडे पडत पडत उरलेल्या एकरभर जमिनीत दुसऱ्या कशाने कुटुंबाचं पोट भरलंच नसतं. १८४६ साली जवळजवळ सगळं पीक सडलं. १८४७ मध्ये करपा कमी होता, पण लावायला बेणंच नव्हतं, ते खाऊन संपलं होतं. इकडे बंदरांतून धान्य, लोणी, गुरं-मेंढ्या इंग्लंडला जातच होत्या. १८४७ मध्ये धान्याची आयात निर्यातीपेक्षा वाढली हे खरं, पण तोवर पहिला भयंकर हिवाळा होऊन गेला होता.

पंतप्रधान पील यांनी १८४५ च्या नोव्हेंबरात एक लाख पौंडांचा अमेरिकन मका मागवला होता. तो इतका टणक की दोनदा दळावा लागे आणि कच्चा राहिला तर पोट बिघडे. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'पीलचं गंधक'. हे वाचलं आणि मी बाबांना फोन लावला. १९७२ च्या दुष्काळात ते सोलापूर जिल्ह्यात शाळेत होते. "मिलो!" ते लगेच म्हणाले. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी, तिची भाकरी थापली जायची नाही आणि गळ्याखाली उतरायची नाही. आजी-आजोबा तेव्हा खडी फोडायला जात. आयर्लंडमध्येही तेच. मार्च १८४७ मध्ये सात लाखांवर माणसं सरकारी कामांवर होती, रस्ते करत, खडी फोडत. त्यातल्या कित्येकांच्या अंगात हातोडा उचलायचं त्राण नव्हतं.

मग सरकारने ही कामं गुंडाळून सूप वाटायचं ठरवलं. त्यासाठी लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नामांकित आचारी अलेक्सी सोयेर याला बोलावलं. एप्रिल १८४७ मध्ये त्याने डब्लिनच्या रॉयल बॅरेक्ससमोर नमुन्याचं सूपघर उघडलं. (आज तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे, लुआसचा 'म्युझियम' स्टॉप.) शंभरेक लोकांना एका वेळी आत घ्यायचे, चमचे साखळीने बांधलेले, घंटा वाजली की पुढची तुकडी. उद्घाटनाला प्रतिष्ठित मंडळी पाच शिलिंग देऊन गरिबांचं जेवण बघायला आली होती! त्याच्या एका सूपचं प्रमाण असं: पाव पौंड गोमांस आणि दोन गॅलन पाणी. म्हणजे सव्वाशे ग्रॅमहूनही कमी मांस नऊ लिटरमध्ये. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच त्यावर ताशेरे ओढले. तरी जुलैमध्ये रोज सुमारे तीस लाख लोक सरकारी सूपघरांवर जेवत होते आणि जीव वाचत होते. शरद ऋतूत सूपघरं बंद केली. १८५१ च्या जनगणनेत वस्ती साडेपासष्ट लाख भरली. दहा लाखांच्या आसपास मेले, तितकेच किंवा जास्त बोटीत बसून गेले.

इंग्लंडमध्ये मात्र हा पदार्थ मजेत नांदत होता. १८६१ च्या मिसेस बीटनच्या पाकपुस्तकात तो आहे, मटणाहून बटाटे जास्त. १८८९ मधल्या 'थ्री मेन इन अ बोट'मध्ये तर त्यात उरलंसुरलं सगळं ढकलतात आणि कुत्रा मेलेला उंदीर आणून देतो.

माझी हल्लीची कृती: मानेचं किंवा खांद्याचं हाडासकट मटण एक किलो, बटाटे एक किलो, मोठे कांदे तीन. अर्ध्या बटाट्यांचे पातळ काप तळाशी (रूस्टर चांगले, विरघळून रस दाट होतो), मग मटण आणि कांदा, वर उरलेले बटाटे मोठे ठेवून. पाणी जेमतेम बुडेल इतकं, मीठ-मिरपूड, असल्यास थाइमची काडी. दोन तास मंद आच. प्रेशर कुकरचा मोह टाळा, सगळ्याचा लगदा होतो.

गेल्या उन्हाळ्यात बाबा इथे आले. लिफीच्या काठी, कस्टम हाउसजवळ, माझ्या ऑफिसच्या वाटेवर रोवन गिलेस्पी यांचे १९९७ मधले दुष्काळाचे पुतळे आहेत. हाडं वर आलेली माणसं बोटीकडे निघाली आहेत, एकाच्या खांद्यावर पोर, मागे कुत्रं. बाबा बराच वेळ उभे राहिले. मग विचारलं, "यांना खडीला मजुरी काय मिळायची?"

संध्याकाळी मी स्ट्यू केला, मसाला न घालता. बाबांनी दोन वाट्या घेतल्या. दुसरीबरोबर लोणचं मागितलं, ते मी दिलं. शेजारच्या आजींना सांगितलेलं नाही.