ड्रोनच्या बॅटरीसाठी घरच्या घरी चार्जिंग केबल

छंद म्हणून ड्रोन उडविणाऱ्याकडे चार्जर बहुधा एकच असतो. बॅटऱ्या मात्र निरनिराळ्या मापांच्या आणि निरनिराळ्या कनेक्टरच्या जमत जातात. चार्जरच्या दोन छिद्रांत चार मिलिमीटरचे ‘बनाना प्लग’ बसतात, तर बॅटरीला बहुधा पिवळा ‘एक्सटी ६०’ किंवा त्याहून लहान ‘एक्सटी ३०’ कनेक्टर असतो. या दोहोंना जोडणारी केबल जेमतेम एक फूट लांबीची असते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तापकीर गल्ली यांसारख्या बाजारांतून तार, सोल्डर व इतर साहित्य आणून ती तासाभरात तयार करता येते. तथापि, तिच्यातील एक चूक बॅटरी पेटण्यास पुरेशी ठरते.

धोका कशात आहे?

या ड्रोनमध्ये लिथियम पॉलिमर, म्हणजेच ‘लिपो’ बॅटरी वापरतात. तिच्या एका सेलचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट व पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तीन सेलची ‘३एस’ बॅटरी ११.१ व्होल्टची म्हणून ओळखली जाते आणि भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखविते. ‘४एस’साठी हेच आकडे १४.८ व १६.८ आहेत.

मोबाइलच्या बॅटरीत असते तसे संरक्षक सर्किट छंदी ड्रोनच्या साध्या लिपो बॅटरीत नसते. १५०० मिलिअँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीवर ‘७५ सी’ असे छापलेले असेल, तर ती कागदोपत्री सुमारे ११२ अँपिअर प्रवाह देऊ शकते. धन व ऋण टोके एकमेकांस चिकटली, तर हा प्रवाह रोखणारे मध्ये काहीही नसते. ठिणग्या उडतात, तार तापते, बॅटरी फुगते आणि प्रसंगी पेट घेते. तयार ड्रोनसोबत येणाऱ्या ‘स्मार्ट’ बॅटऱ्यांना त्यांचाच चार्जर लागतो. ही केबल त्यांच्यासाठी नाही.

तारेची निवड

तार किती जाड हवी, हे प्रवाहावरून ठरते. लिपो बॅटरी साधारणतः ‘१ सी’ दराने, म्हणजे १५०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी १.५ अँपिअरने भरावी. ‘आयमॅक्स बी६’सारखा लोकप्रिय चार्जर जास्तीत जास्त ५ अँपिअर व ५० वॉट देतो. एवढ्यासाठी १६ गेजची, म्हणजे सुमारे १.३ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरेशी आहे. तीस सेंटिमीटरच्या केबलमध्ये जाण्या-येण्याची मिळून साठ सेंटिमीटर तार होते. ५ अँपिअरला तीत केवळ ०.०४ व्होल्टची घट होते. त्याच जागी २६ गेजची बारीक तार घेतल्यास घट ०.४ व्होल्टवर जाते आणि सुमारे दोन वॉट उष्णता तारेतच निर्माण होते.

सिलिकॉनचे आवरण असलेली तार उत्तम. ती लवचिक असते आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने तिचे आवरण वितळत नाही. धन टोकासाठी लाल व ऋण टोकासाठी काळी हा संकेत कधीही मोडू नये.

सोल्डरिंग

सुमारे ६० वॉटचे सोल्डरिंग आयर्न, राळयुक्त सोल्डर आणि हीट श्रिंक नळी जवळ ठेवावी. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते व नवख्यासाठी सोयीचे असते. काम हवेशीर जागी करावे आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत. या संपूर्ण कामात बॅटरी दूर ठेवावी.

प्रथम हीट श्रिंकचे तुकडे तारेत ओवून जोडापासून लांब सरकवावेत; हे विसरल्यास जोड पुन्हा उसवावा लागतो. नंतर तारेचे टोक व कनेक्टरची वाटी या दोहोंवर सोल्डरचा थर द्यावा आणि मग दोन्ही एकत्र तापवून जोडावेत. या वेळी कनेक्टरमध्ये त्याच्या जोडीचा सुटा कनेक्टर खोचून ठेवावा. उष्णतेने प्लॅस्टिक मऊ झाले तरी त्यामुळे पिना वाकड्या होत नाहीत. थंड झाल्यावर जोड गुळगुळीत दिसला पाहिजे. दाणेदार व उंचवट्यासारखा दिसणारा जोड कच्चा समजून पुन्हा करावा.

एक्सटी ६० ची ठेवण अशी असते, की तो उलटा बसत नाही. मात्र तारा उलट्या सोल्डर केल्या तर या रचनेचा काही उपयोग नाही. कवचावर कोरलेली अधिक-उणे चिन्हे पाहूनच लाल व काळी तार जोडावी.

तपासणी आणि जोडणीचा क्रम

केबल तयार होताच ती चार्जरला लावू नये. मल्टिमीटर ‘कंटिन्युइटी’वर ठेवून लाल प्लग ते अधिक चिन्हाची पिन आणि काळा प्लग ते उणे चिन्हाची पिन तपासावी, दोन्हीकडे आवाज आला पाहिजे. लाल व काळ्या प्लगच्या दरम्यान मात्र आवाज येता कामा नये. नंतर प्रत्येक तार हाताने ओढून पाहावी.

सर्वांत महत्त्वाचा नियम क्रमाचा आहे. आधी बनाना प्लग चार्जरमध्ये बसवावेत आणि त्यानंतरच बॅटरी जोडावी. काढताना आधी बॅटरी काढावी, मग प्लग. क्रम चुकल्यास बॅटरीचा पूर्ण दाब दोन उघड्या प्लगवर येतो व त्यांचा एकमेकांस निसटता स्पर्शही शॉर्ट सर्किट घडवितो.

मुख्य केबलसोबत बॅटरीची पांढरी ‘बॅलन्स’ जोडणीही चार्जरला लावावी. ३एस बॅटरीच्या या जोडणीत चार तारा असतात व त्यांच्यामुळे चार्जरला प्रत्येक सेलचा दाब स्वतंत्रपणे मोजता येतो. चार्जरवर बॅटरीचा प्रकार ‘लिपो’ आणि सेलची संख्या बरोबर आहे, याची खात्री करूनच चार्जिंग सुरू करावे.

पहिल्या चार्जिंगच्या वेळी दर काही मिनिटांनी जोडांना हात लावून पाहावा. जोड गरम लागल्यास चार्जिंग थांबवावे. बॅटरी फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर ठेवावी. केबल घरची असो वा बाजारातील, चार्जिंग सुरू असताना घर सोडून जाऊ नये अथवा झोपू नये. फुगलेली बॅटरी तर पुन्हा कधीही चार्ज करू नये.