पाण्याने राखलेले रान

माकुणसार परिसरातील शाळांना डोंगरी किल्ला म्हटले की सफाळ्याजवळची तांदुळवाडी आठवते. गडाच्या माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पावसाळा सरला की डोंगरावर पाणी टिकत नाही, म्हणून केलेली ही सोय. पाणी राखण्याच्या याच गरजेतून दक्षिणेस एक अख्खे रान वाचले. ते रान म्हणजे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्याचा इतिहास आपण पाण्याच्या बाजूने वाचून पाहू.

या उद्यानाचे क्षेत्रफळ 103 चौ. कि.मी.हून थोडे अधिक आहे. त्याचा नागला हा भाग वसईच्या खाडीच्या उत्तरेस, तर बाकीचे डोंगर दक्षिणेस आहेत. हे डोंगर ज्वालामुखीजन्य खडकांचे आहेत. त्यांत कान्हेरी येथे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे लेणी खोदली जात होती. आज तेथे शंभराहून अधिक लेणी दिसतात. बहुतेक लेण्यांजवळ पाण्याचे टाके आहे आणि उतारावरचे पाणी टाक्यात आणणारे पाट कातळात कोरलेले आहेत. टाकी खोदविणाऱ्या दात्यांचा उल्लेख तेथील शिलालेखांत येतो. कल्याण आणि सोपारा येथील दातेही त्यांत आहेत. सोपारा म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यातील आजचे नालासोपारा.

पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईची वस्ती वाढली. विहिरी आणि तळी अपुरी पडू लागली. तेव्हा 1856 मध्ये मिठी नदीवर विहार तलावाचे काम सुरू होऊन 1860 मध्ये ते पुरे झाले. त्यामागून 1879 मध्ये तुळशी तलाव तयार झाला. पाणी स्वच्छ राहायचे तर पाणलोटात वस्ती, शेती आणि लाकूडतोड नको, हे उघड होते. त्यामुळे तलावांभोवतीचे रान राखले गेले. राष्ट्रीय उद्यानाची कल्पना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. आज तेथे साग, ऐन, खैर, पळस, काटेसावर हे वृक्ष आणि चितळ, सांबर, भेकर हे प्राणी आहेत. 2015 च्या कॅमेरा-गणनेत उद्यान व लगतच्या भागात 35 बिबटे आढळले. या सर्वांना तलावांनी आसरा दिला, असे म्हणता येईल.

रान पाणी कसे राखते? पावसाचा मारा आधी पानांवर पडतो. जमिनीवरचा पालापाचोळा वाहत्या पाण्याचा वेग मोडतो. मुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीतून पाणी खडकाच्या भेगांत उतरते व सावकाश झऱ्यांतून बाहेर येते. उतारावरची माती धरून ठेवण्यात कारवीचा वाटा मोठा आहे. कुडाच्या भिंतींसाठी आपल्याकडे वापरतात तीच ही कारवी. ती दर आठव्या वर्षी फुलते, बी धरते आणि वाळून जाते. या उद्यानात ती 2016 व 2024 मध्ये फुलली. जुनी झुडपे वाळतात तेव्हा नवी रोपे उतार सांभाळतात.

मात्र राखणीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. उद्यानात वारली आदिवासींचे पाडे आहेत. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. तेव्हापासून रानात पूर्वापार राहणारा कोण आणि अतिक्रमण करणारा कोण, हा प्रश्न वारंवार पुढे आला. तसाच प्रश्न आपल्या जिल्ह्यातही आहे. सूर्या नदीवरचे धामणी धरण मुळात येथील शेतीच्या सिंचनासाठी होते. आता त्याचे पाणी वसई-विरारलाही जाते. शहराला पाणी हवेच. पण ज्यांच्या डोंगरांवर तो पाऊस पडतो, त्यांच्या शेताला आणि घागरीला किती मिळते, हेही मोजले पाहिजे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन तिरप्या ट्रेमध्ये सारखीच माती घ्यावी. एकीवर गवताचे ढेप व पालापाचोळा ठेवावा, दुसरी उघडी ठेवावी. दोन्हींवर झारीने सारखे पाणी घालून खाली किती पाणी आले, किती वेळात आले व किती गढूळ होते, याची नोंद करावी. त्यासोबत गावातील कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, हे विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे. दोन्ही नोंदी शेजारी मांडल्या, की समोरच्या डोंगरावरची झाडी विहिरीच्या हिशेबात कोठे बसते, हे विद्यार्थीच सांगू लागतील.