किशोरवयीनांचा आत्मविश्वास : उपदेशापेक्षा अनुभव मोलाचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९ वर्षे हा किशोरवयाचा काळ. याच वयात शरीर झपाट्याने बदलते, मित्रमैत्रिणींचे मत मोलाचे वाटू लागते आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही समोर उभ्या ठाकतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांत त्यात बोलीच्या संकोचाची भर पडते. घरी अहिराणी बोलणारे मूल, वर्गात कोणी हसेल या भीतीने, उत्तर येत असूनही गप्प बसते. अशा वेळी ‘धीट हो’ एवढे सांगून भागत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार मार्गांनी निर्माण होतो.

स्वानुभव : हा सर्वांत प्रभावी मार्ग. बँकेत पैसे भरणे, एकट्याने एसटीचा प्रवास करणे, वर्गात दोन मिनिटे बोलणे अशी कामे पायरीपायरीने सोपवावीत. चूक झाली तरी काम मुलांच्या हातून काढून घेऊ नये.

जवळचा आदर्श : आपल्यासारख्याच परिस्थितीतून आलेल्या व्यक्तीचे यश अधिक पटते. साक्री तालुक्यातील सामोडे येथील भिल्ल कुटुंबात वाढलेले डॉ. राजेंद्र भारूड २०१३ च्या तुकडीतून भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (जन्म १८८०) यांनी खानदेशातील घरच्या बोलीतच काव्य रचले. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. बोली हे न्यूनत्व नव्हे, हे मुलांना पटवण्यास याहून बोलका दाखला नाही.

प्रोत्साहन : ‘हुशार आहेस’ या मोघम कौतुकापेक्षा ‘गणिताची मांडणी नीट केलीस’ हे नेमके शब्द उपयोगी पडतात. भावंडांशी तुलना टाळावी.

मनाची अवस्था : बोलण्यापूर्वी छाती धडधडणे स्वाभाविक असते, ते अपात्रतेचे लक्षण नव्हे, हे समजावून सांगावे. पुरेशी झोप, दीर्घश्वसन आणि सराव यांनी ताण हलका होतो.

मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास, एकलकोंडे राहत असेल किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलत असेल, तर तो केवळ आत्मविश्वासाचा प्रश्न समजू नये. विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते.