पॉप वॉर्नर आणि कार्लाइलची मुले
१/६
९ नोव्हेंबर १९१२. वेस्ट पॉइंट येथे अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यात लष्करी अकादमीचा २७-६ असा पराभव झाला. पराभूत संघात भावी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर होते. विजेते होते कार्लाइल शाळेचे मूलनिवासी विद्यार्थी आणि त्यांचे प्रशिक्षक ग्लेन 'पॉप' वॉर्नर.

२/६
पेनसिल्व्हेनियातील ही सरकारी निवासी शाळा १८७९ मध्ये स्थापन झाली. तेथे मूलनिवासी मुलांचे केस कापले जात. मातृभाषा बोलण्यास मनाई असे.

३/६
वॉर्नर १८९९ मध्ये येथे आले. खेळाडू प्रतिस्पर्ध्यांहून अंगाने लहान; म्हणून त्यांनी बळापेक्षा वेग आणि चकव्यावर भर दिला. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध चेंडू चक्क एका खेळाडूच्या जर्सीत, पाठीवर लपवून टचडाउन केला गेला!

४/६
त्यांचे शिष्य जिम थॉर्प यांनी १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून १९१३ मध्ये ती काढून घेतली गेली. आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, असे वॉर्नर म्हणाले. अनेक इतिहासकारांना ते पटत नाही.

५/६
१९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशीत खेळाडूंनीच वॉर्नर यांच्या शिवीगाळीविरुद्ध साक्ष दिली. वॉर्नर पिट्सबर्ग विद्यापीठात गेले आणि तेथेही यशस्वी झाले. कार्लाइल १९१८ मध्ये बंद पडले.

६/६
वॉर्नर यांचे नाव मुलांच्या फुटबॉल संघटनेला लाभले. थॉर्प यांना एकमेव विजेते म्हणून मान्यता मिळाली ती थेट २०२२ मध्ये, मृत्यूनंतर ६९ वर्षांनी. डावपेच प्रशिक्षकाचे होते. किंमत मात्र खेळाडूंनी मोजली.